भास्कररावांच्या धनुष्याचे दोन स्क्रू

धनुष्यबाण चालवणाऱ्या माणसांकडे किस्से फार जमतात. कारण साधं आहे. बाण सुटायला क्षणभर लागतो आणि त्याची तयारी करायला अख्खी सकाळ जाते. मधल्या वेळात माणसं बोलणार नाहीत तर काय करतील? शिंप्याच्या मशीनखाली चिंध्या साचतात तसे आमच्याकडे किस्से साचलेत. कुणी झाडून काढत नाही, म्हणून वाढत जातात.

आमच्याकडे म्हणजे पुलगावात, भास्करराव मेश्रामांच्या अंगणात. रविवारी सकाळी आम्ही तिघं तिथं जमतो. भास्करराव दारूगोळ्याच्या डेपोतून रिटायर झालेले. दुसरे गजाननभाऊ ठाकरे, रोहण्याचे शेतकरी. ते मोटरसायकलवर धनुष्याची पेटी आडवी बांधून येतात आणि ‘आज भजन कुठे आहे’ असं विचारणाऱ्या प्रत्येकाला ती हार्मोनियम नाही हे सांगत येतात. तिसरा मी. माझं चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे नेम चुकला की दोघं माझ्याकडेच बघतात.

आता धनुष्य म्हटलं की लोकांना नाटकातलं आठवतं, बांबू आणि दोरी. आमचं तसं नाही. आमचं कम्पाउंड. मध्ये धातूचा दांडा, वर-खाली दोन पाती, पात्यांच्या टोकांना चाकं आणि चाकांवरून फिरणाऱ्या दोऱ्या. ओढायला लागलं की आधी जड जातं, पण पुरतं ओढलं की चाकं फिरतात आणि वजन एकदम उतरतं. मग माणूस निवांत नेम धरू शकतो. मात्र ही सगळी गंमत तेव्हाच, जेव्हा ओढ त्या माणसाच्या हाताच्या मापाची असेल. बोटभर फरक पडला तरी बिनसतं. चष्म्याचंही तेच आहे. दुसऱ्याचा घालून घटकाभर मिरवता येतं, वाचता येत नाही.

आणि इथंच आमचं सगळं दुखणं आहे. भास्कररावांचं धनुष्य त्यांचं नाही. ते त्यांच्या मुलीचं, प्रज्ञाचं. पोरगी राज्य स्पर्धेपर्यंत खेळली, मग बँकेत नोकरी लागली आणि हैदराबादला गेली. धनुष्य मागे राहिलं. भास्करराव रिटायर झाल्यावर घरातल्या घरात येरझाऱ्या घालायचे, कुणाशी धड बोलायचे नाहीत. एक दिवस त्यांनी ते खाली काढलं आणि माणूस पुन्हा माणसांत आला. पण प्रज्ञा बापापेक्षा चार बोटं उंच, हात लांब. साहजिकच ओढही लांब. ती कमी करायची तर चाकावरची एक छोटी पट्टी सरकवायची असते. दोन स्क्रू सैल करायचे, पट्टी सरकवायची, पुन्हा आवळायचे. चहा निवायच्या आत होणारं काम.

भास्करराव ते दोन स्क्रू सोडून जगातला कुठलाही स्क्रू फिरवायला तयार असतात.

"पोट्टी आली आन् तिनं ओढून पाह्यलं तं?" एवढंच त्यांचं उत्तर. पोट्टी येते ती दोन दिवसांसाठी, आणि धनुष्याच्या पेटीकडे बघतही नाही, हे आमच्यापैकी कुणी बोलत नाही.

*

गजाननभाऊंचं धनुष्य पार्सलनं आलं तेव्हाची गोष्ट. त्यांना वाटलं होतं, खोक्यातून काढलं की चालू. खोक्यातून निघालं नुसतं धनुष्य. बाण टेकवायचा टेकू वेगळा घ्यायचा, नेमाची साईट वेगळी, दोरी ओढायचं रिलीज वेगळं. त्यांनी मला थेट दुकानात फोन लावला.

"प्रकाशभाऊ, मले फसवलं. सायकल पाठवली, आन् सीट, पायडल, ब्रेक पाठवलेच नाई."

मी म्हटलं, चष्म्याची फ्रेमही अशीच येते, काचा नंतर बसवाव्या लागतात.

"मंग तुमच्याकडे गिऱ्हाईक आलं तं तुम्ही काय करता?"

"फिटिंग करून देतो."

"हाव, तं मंग या फिटिंग करायले. पत्ता माहीतच आहे."

सगळं सामान जमवून मी रोहण्याला पोचलो तोवर त्यांच्या आईनं पूजा उरकून घेतली होती. घरात नवी वस्तू आली आणि तिला चाकं आहेत म्हटल्यावर आईंनी जे करायचं तेच केलं. धनुष्य पाटावर आडवं, दोन्ही चाकांना हळदकुंकू, दोरीला झेंडूचा हार, आणि दोन्ही चाकांखाली एकेक लिंबू.

"आता याले जरासं पुढे घे बाप्पा," आई म्हणाल्या.

गजाननभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. मग त्या भल्या माणसानं धनुष्य दोन्ही हातांत धरलं आणि स्वतःच दोन्ही लिंबांवर पाय देऊन पुढे चालत गेला. आईंचं समाधान झालं. चाकाच्या खाचेतलं कुंकू मी दाढीच्या ब्रशनं काढत बसलो.

*

रोहण्यात सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, यानं रानडुक्कर पडतं का? गजाननभाऊ सांगून थकले की हे फक्त टारगेटसाठी आहे, जनावरावर चालवायचं नाही, तो गुन्हा आहे. तरी शेजारचा एक शेतकरी एकदा मुद्दाम बघायला येऊन बसला. गजाननभाऊंनी एक बाण सोडला, साईट हलवली. दुसरा सोडला, टेकू केसभर आत घेतला. तिसरा सोडला, पुन्हा बाहेर घेतला. असं जेवणाच्या वेळेपर्यंत चाललं. शेवटी तो माणूस कपडे झटकत उठला.

"गजानन, तेवढा वेळ डुक्कर थांबन का?"

*

आमच्या खेळात कागदाला फार मान आहे. धनुष्य नीट जुळलंय की नाही हे कळायला एका चौकटीत कागद ताणून बसवायचा आणि जवळून त्यातून बाण सोडायचा. बाण सरळ गेला तर गोल भोक पडतं. शेपूट हलवत गेला तर कागद त्या बाजूला फाटतो. फाट बघायची आणि ठरवायचं, काय कुठे सरकवायचं ते.

भास्कररावांकडे चौकट म्हणून जुन्या खिडकीचा लाकडी सांगाडा आहे आणि कागद म्हणून वर्तमानपत्र. सुरुवातीला ते हाताला लागेल ते लावायचे. एकदा कुसुमवहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, चहाचा कप घेऊन बाहेर आल्या आणि चौकटीपुढे उभं राहून वाचायला लागल्या.

"आजचा पेपर आहे न हा?"

भास्करराव टेकूचा स्क्रू फिरवत राहिले.

"तूळ राशीचं भविष्य कुठे गेलं?"

गजाननभाऊ म्हणाले, "वहिनी, बाणावर असन चिकटलेलं. आणून देऊ काय?"

तेव्हापासून फक्त रद्दीचा पेपर, असा कायदा झाला. पण पेपर आजचा असो की मागच्या महिन्यातला, भास्कररावांची फाट एकच. डावीकडे, लांब. त्यांनी टेकू उजवीकडे नेला, डावीकडे नेला. बाण बदलले. पकड बदलली. दोरीवरची गाठ सोडून पुन्हा बांधली. फाट तशीच. मी दर वेळी सांगायचो की ओढ लांब आहे, हात मागे ओढला जातोय, म्हणून पंजा वळतोय. ते मान हलवायचे आणि टेकूचा स्क्रू फिरवायचे. दुकानात अशी गिऱ्हाइकं येतात. नंबर वाढलाय म्हटलं की म्हणतात, काच नीट पुसून द्या.

शेवटी कुसुमवहिनीच एकदा म्हणाल्या, "तुम्ही त्याईले समजावून सांगू नका, प्रकाशभाऊ. कागद फाटते तं फाटू द्या. रद्दी काय, येतच राह्यते."

*

एका उन्हाळ्यात गजाननभाऊंचं धनुष्य टिनाच्या शेडमध्ये राहिलं. आमच्याकडचं ऊन माहीत आहे, पंख्याखाली बसलेला माणूस जिथं मऊ पडतो तिथं दोरीचं काय. दोऱ्या ताणल्या आणि वरचं चाक खालच्या चाकाच्या आधी फिरायला लागलं. दुरुस्तीला दोरी काढून पीळ द्यावा लागतो, आणि दोरी काढायची तर दोन्ही पाती दाबून धरावी लागतात. त्याचं यंत्र असतं, प्रेस म्हणतात. ते नागपूरला आहे.

"नागपूरले कायले जाता?" गजाननभाऊ म्हणाले आणि पुढच्या रविवारी ट्रॅक्टरचा जॅक घेऊन आले. सोबत लाकडाचे दोन ठोकळे आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या. मांडणी बघून मलाही क्षणभर वाटलं की जमेल. धनुष्य ठोकळ्यांत अडकवलं, जॅकचा दांडा हातात घेतला.

भास्करराव खुर्चीवरून उठले. खुर्ची उचलली, अंगण ओलांडलं, संडासाच्या भिंतीमागे नेऊन ठेवली आणि तिथं जाऊन बसले. आम्हाला आता फक्त त्यांचा आवाज ऐकू येत होता.

"चालू द्या तुमचं. म्या जिंदगीभर बारुदीजवळ काम केलं, एक नख गेलं नाई. आता रिटायर झाल्यावर तुह्या जॅकनं जाऊन राह्यलो नाई मी."

जॅक परत पोत्यात गेला. आम्ही नागपूरला गेलो. मी म्हटलं, भास्करराव, तुमचंही घ्या सोबत, जुनी दोरी बदलून टाकू. तर ते म्हणाले, ती दोरी प्रज्ञानं बसवून घेतली होती, चांगली आहे, मेण लावतो मी. खरंच लावायचे. त्या दोरीवर एक धागा उसवलेला दिसायचा नाही.

*

हिंगणीजवळ माझ्या साळ्याचं शेत आहे. पन्नास मीटरची सरळ जागा पुलगावात मिळत नाही म्हणून आम्ही एकदा तिकडे निघालो. बोर धरणाच्या बाजूचा रस्ता म्हणजे जंगलाची कड. गाडीत मागच्या सीटवर तीन लांबट पेट्या आणि पुढे तीन बनेल चेहऱ्याची माणसं. वनरक्षकानं थांबवलं नसतं तरच नवल.

पोरगा तरुण होता, पण बोलायला अदबशीर. पेट्या उघडायला लावल्या. टारगेटची गादी दाखवली, बोथट टोकाचे बाण दाखवले, गजाननभाऊंनी स्पर्धेचा मोबाईलमधला फोटो दाखवला. त्याचं समाधान झालं आणि मग कुतूहल जागं झालं. "चालते कसं हे?" म्हणत त्यानं गजाननभाऊंचं धनुष्य उचललं, आणि भास्करराव ‘बाण लावल्याशिवाय ओढायचं नाई’ हे वाक्य पुरं करायच्या आत त्यानं ते पूर्ण ओढलं.

"सोडू नका साहेब!" आम्ही तिघंही ओरडलो.

रिकामी दोरी सुटली की सगळा जोर धनुष्यावरच उलटतो. पातं तुटतं, चाक निखळतं, कधी तोंडावर येतं. पोरगा जागच्या जागी थिजला. धनुष्य ताणलेलं, डोळे मोठे, तोंडातून बारीक आवाज.

"मंग काय करू?"

"हळू हळू वापस आणा."

"खेचून राह्यलं हे मले."

गजाननभाऊ मागून गेले, दोन्ही हातांनी त्याला मिठी मारली, त्याच्या हातांवर हात ठेवले आणि दोघांनी मिळून दोरी खाली आणली. लांबून कुणी पाहिलं असतं तर वेगळंच काही वाटलं असतं. पोरानं टोपी काढली, घाम पुसला आणि पेट्या बंद करायला स्वतः मदत केली.

"वाघ समोर आला तं काय करायचं, ते ट्रेनिंगमध्ये सांगतलं होतं," तो म्हणाला. "याचं काईच सांगतलं नाई."

*

आता जरा न हसण्यासारखं. भास्कररावांचा खांदा दुखायला लागला. आधी ते बोललेच नाहीत. उजवा हात वर करून दोरीवरचा टॉवेल काढायचा तर डाव्या हातानं काढायचे, ते कुसुमवहिनींनी पाहिलं. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, धनुष्य मापाचं करून घ्या, नाहीतर ओढणं बंद करा.

माझ्या मते विषय संपला होता. मी स्क्रू फिरवायची ॲलन-की घेऊनच गेलो. बघतो तर भास्कररावांनी धनुष्य पेटीत घालून ठेवलेलं. आमच्यासाठी चहा आणला, खुर्ची घेतली आणि बघत बसले. पुढच्या रविवारीही तेच. त्याच्या पुढच्याही. मध्येच उठून दोरीला मेण लावायचे, पेटी बंद करायचे. रिटायर झाल्यावरचा तो जुना न बोलणारा माणूस परत येऊन बसला होता, आणि मला ते बघवत नव्हतं.

एक दिवस गजाननभाऊ आले नव्हते. मी जरा चिडूनच म्हणालो, "भास्करराव, लोखंडाचे दोन स्क्रू आहेत हो."

त्यांनी चौकटीतल्या कागदाचा सुटलेला कोपरा आत खोचला.

"तिच्या खोलीत आता कुसुमची शिलाई मशीन आहे," ते म्हणाले. "कपाटात पाहुण्याईच्या गाद्या आहेत. तिची गाडी भाच्यानं नेली. हे एवढंच तिच्या मापाचं राह्यलं या घरात. तेही माह्या मापाचं केलं तं मंग तिचं काय राह्यते इथं?"

मी ॲलन-की खिशात घातली आणि चहा प्यायलो. चहा गार झाला होता.

*

वर्ध्याला नात्यातलं लग्न होतं म्हणून प्रज्ञा आली. लग्न शनिवारी झालं आणि रविवारी सकाळी ती आमच्या चहाला अंगणात येऊन बसली. बापाला खुर्चीवर बसलेलं पाहून तिनं विचारलं, "बाबा, तुम्ही काऊन नाई खेळून राह्यले?"

"असंच. खांदा."

ती आत गेली आणि पेटी घेऊन आली. पेटी उघडल्यावर थोडा वेळ नुसती बघत राहिली. सगळं जिथल्या तिथं होतं. तिचं रिलीज, तिचे बाण, दोरी मेण लावून चकचकीत. भास्करराव खुर्चीवरून उठून उभे राहिले होते.

"ओढून पाह्य," ते म्हणाले. "तुह्यंच आहे. पट्टी म्या हलवलीच नाई."

मग स्वतः जाऊन त्यांनी चौकटीत कागद बसवला. कोपरे ताणले, सुरकुती काढली. कुसुमवहिनी दारात येऊन थांबल्या. त्या वेळी भास्कररावांचा चेहरा असा होता की मी गजाननभाऊंना कोपरानं गप्प केलं, ते काहीतरी गमतीचं बोलायच्या बेतात होते.

प्रज्ञानं बाण लावला. ओढला. किती वर्षांनी हात लावला होता, पण उभं राहणं तेच, मान तीच. एवढ्या वर्षांत आम्हा तिघांना न जमलेलं ते सरळ उभं राहणं. बाण सुटला.

आम्ही सगळे कागदाजवळ गेलो. फाट डावीकडे होती. लांब.

"मीच चुकले असन," ती म्हणाली आणि दुसरा सोडला. तशीच फाट, पहिलीच्या शेजारी. तिसऱ्या वेळी तिनं बाण लावून ओढला, पण सोडला नाही. ओढलेल्या धनुष्याकडे तिरप्या नजरेनं बघितलं, स्वतःच्या कोपराकडे बघितलं आणि दोरी सावकाश खाली आणली. बोटानं दोरी दाबून पाहिली, चाकावरची खूण अंगठ्यानं पुसून पाहिली.

"बाबा, दोरी ताणली. उन्हाळे किती गेले यावर." ती म्हणाली. "हे मलेही लांब होऊन राह्यलं."

भास्करराव म्हणाले, "पण म्या तं पट्टी हलवलीच नाई."

"हाव न."

गजाननभाऊ बुटाच्या टोकानं माती उकरत होते. मीही इतके रविवार ओढ तिची आहे, तिची आहे म्हणत होतो आणि दोरी हातात घेऊन एकदाही बघितली नव्हती. कुसुमवहिनी दारातून आत गेल्या नाहीत.

"मंग हे कोणाच्या मापाचं आहे?" भास्कररावांनी विचारलं.

प्रज्ञानं धनुष्य मांडीवर घेतलं आणि माझ्याकडे हात केला. "काका, ॲलन-की आहे काय?"

मी दिली. तिनं ती पहिल्या स्क्रूत बसवली आणि बापाकडे पाहिलं.

"कोणाच्या मापाचं करू?"

भास्करराव खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. उजवी बाही वर सारली आणि हात तिच्यासमोर लांब केला.

"माह्या," ते म्हणाले. "तुह्यी गाडी उद्या आहे."